मार्फत खोडणाऱ्या कमलकाकू

दादाच्या मुलाखतीचं पत्र आमच्या हातात पडलं, तेव्हा मुलाखत होऊन दोन महिने झाले होते.

आमचं गाव धारूरच्या घाटावर. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं. माय, बा, दादा, मी आणि धाकटी शीतल. दाराला कुलूप लागायचं आणि पाच-सहा महिने आमचं घर म्हणजे फडाशेजारची कोपी. चार बांबू, वर उसाचं वाळकं पाचट, खाली पाचट. कोपीला घर नंबर नसतो. म्हणून आमच्या वस्तीतल्या कुठल्याही अर्जावर पत्त्याच्या आधी एक शब्द असायचाच. मार्फत. मार्फत अमुक मुकादम. टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाच्या घरी मागं कुणी ना कुणी म्हातारं माणूस असतं, त्यामुळं सगळ्या टोळीचं टपाल त्याच्या घरी पडायचं.

दादा बारावी झाला होता. एका सरकारी वर्कशॉपातल्या शिकाऊ जागेसाठी त्यानं अर्ज केला होता आणि पत्ता तोच दिला होता, मार्फतचा. पत्र वेळेत आलं. मुकादमाच्या म्हातारीनं ते जपून फळीवर ठेवलं, पिठाच्या डब्यामागं. चैत्रात आम्ही परत आल्यावर तिनंच ते आणून दिलं, वर म्हणाली, "उंदरानं खाऊ न्हाई म्हनून लई संभाळलं बघा." तिच्यावर रागवायचं तरी कसं? दादानं पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्याचं वय उलटून गेलं. तो आजही कोयताच चालवतो.

त्याच दिवशी कमलकाकू आमच्या दारात आल्या. आमच्या गावाचं पोस्ट त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि पोस्टमास्तर त्याच होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून दादाला म्हणाल्या, "अनिल, तुझं पत्र म्या मुकादमाच्या घरी दिलतं. तारखेला दिलतं. नियमानं माझी चूक न्हाई." मग जरा थांबल्या. "पन दिलं येगळं आन पोचलं येगळं. पोचलं न्हाई मंजे म्या दिलंच न्हाई."

माय म्हणाली, "जाऊ द्या काकू, नशिबात नव्हतं."

"नशिबाचा काय संबंध? डब्यामागं व्हतं," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

अशा होत्या कमलकाकू. आता त्या नाहीत, पण गावात अजूनही कुणी उगीच रडगाणं लावलं की दुसरा म्हणतो, "डब्यामागं बघ आधी."

काकू ठेंगण्या आणि काटक होत्या. चष्म्याला पार्सलची पांढरी सुतळी बांधलेली. नवऱ्यामागं पोस्टाची नोकरी आणि एक लेक, दोन्ही त्यांनी एकटीनं सांभाळली. लेक लग्न होऊन लातूरला गेली, पोस्ट राहिलं. खोलीत एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि गल्लीकडं एक खिडकी. सगळा व्यवहार त्या खिडकीतून. सरपंच असो नाही तर सख्खी बहीण, टपालासाठी आत कुणाला येऊ द्यायच्या नाहीत. शिक्का असा हाणायच्या की शेजारच्या घरातलं लेकरू दचकायचं. त्यांना म्हटलं, काकू, जरा हळू, तर म्हणायच्या, "तारीख हाय ती. पुसट तारखेवर कुनाची तरी नोकरी जाती."

माणसाला त्या पत्त्यासकट ओळखायच्या. मला कधी नुसतं वंदना म्हटलं नाही. खिडकीतून हाक यायची, "वंदना अर्जुन, भीमनगर, विहिरीमागं, हिकडं ये." गावात तीन वंदना होत्या हे खरं, पण मी एकटीच समोर उभी असले तरी तसंच.

दुसऱ्याचं टपाल वाचायचं नाही, हा त्यांचा मोठा बाणा. पोस्टकार्ड मात्र उघडंच असतं. एकदा एक म्हातारी खिडकीशी आली, हातात कार्ड, अक्षरओळख नाही. "वाचून सांग ना माय."

"कार्डावरचं म्या वाचत न्हाई," काकू ताठ मानेनं म्हणाल्या. "शाळेतल्या मास्तरकडून वाचून घ्या. आन जाताना डिंक घेऊन जा, मेथ्या घेऊन जा. पोरगी झाली तुमच्या लेकीला. पन म्या वाचलं न्हाई."

दादाच्या पत्रानंतर काकूंनी एक वही घातली. कुठल्या नियमात नव्हती ती. टोळ्या निघायच्या दिवशी सकाळी त्या ट्रॅक्टरजवळ जाऊन उभ्या राहायच्या, तांबडी पेन्सिल कानामागं. कोण कुठल्या टोळीत, कुठल्या कारखान्यावर, कोपी कुठल्या गावाजवळ पडणार, तिथलं पोस्ट कुठलं, फोन कुणाचा. पुरुष चिडवायचे, "काकू, मतदार यादी कावून करायलात? उभ्या ऱ्हाता काय?" काकू वर न बघता म्हणायच्या, "तुझं नाव येगळ्या पानावर लिवलंय. हरवलास तरी चालतंय म्हनून." मग हिवाळ्यात भीमनगरच्या कुणाचं पत्र आलं की त्यावर जुना पत्ता खोडून वहीतला नवा घालायच्या आणि पुढं धाडायच्या. त्या वहीमुळं माझ्या शिष्यवृत्तीचं पत्र मला फडावर वेळेत मिळालं. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले, कॉम्प्युटर घेतला. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी बघितली नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला होते, गावात राहून जाऊन-येऊन कॉलेज करत होते, तेव्हा शीतल दहावीत गेली.

दादाचं लग्न झालं होतं, लेकरू सात महिन्यांचं होतं. माय म्हणाली, "कोयत्यावर आमी चौघं गेलो की लेकरू कुनी बघायचं? शीतल येती." शीतल वर्गात पहिली-दुसरी यायची. वस्तीतल्या दहावीच्या आणखी सहा पोरींची तीच गत होती. हेडमास्तर म्हणाले, परीक्षेला आणून बसवा, नाव काढत नाही. पण चार महिने पुस्तक न उघडता परीक्षेला बसून काय होतं, हे वस्तीनं पुष्कळ बघितलं होतं.

काकूंनी मायला समजावून बघितलं. जमलं नाही. मग म्हणाल्या, "बरं. पोरी तिकडं जात्यात तर शाळा तिकडं धाडू. धाडायचंच काम करती म्या जन्मभर."

काकूंच्या घरी नवीनच तारेचं इंटरनेट आलं होतं. लेकीनं लातूरहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. मी त्यावर एक साधं पान तयार केलं. रोजचा धडा, शाळेतल्या बाईंच्या आवाजात, आणि खाली पाच प्रश्न. पोरींनी फोनवर ते उघडायचं, उत्तराचा फोटो टाकायचा, इथं बाईंनी तपासून परत लिहायचं. आधी आम्ही हे मोबाइलच्या ग्रुपवर करून बघितलं होतं, तर एका पोरीच्या बापानं फोन भरला म्हणून सगळे धडे पुसून टाकले होते आणि भजनं तेवढी ठेवली होती. इंटरनेटवर भाड्याची जागा घेऊन पान तिकडं ठेवायचं काकूंना नको होतं. "पोरींची नावं, वह्या परक्याच्या कपाटात कावून? माझ्या घरच्या कॉम्प्युटरात ऱ्हाऊ द्या."

इंटरनेट जोडणारा अर्शद धारूरचा. बोलायला गोड, कामाला घाईचा. राऊटरची पेटी भिंतीला ठोकली त्या दिवसापासूनच काकू त्याच्या मागं लागल्या होत्या.

"अर्शद, माझा, आल्यागेल्याचा धरून चार फोन, एक कॉम्प्युटर. तार एकच. मग कुनाचं उत्तर कुनाकडं जातंय, ह्या पेटीला कसं कळतं?"

"आटोमॅटिक हाय काकू."

"आटोमॅटिक मंजे कुनाला तरी करावंच लागतंय. कोन करतंय?"

अर्शदनं माझ्याकडं बघितलं. मी कॉलेजात नुकतंच शिकले होते, म्हणून सांगितलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक घरगुती नंबर देतो. तो नंबर घराबाहेर चालत नाही. बाहेर जाताना राऊटर सगळ्यांच्या निरोपावर स्वतःचा एकच पत्ता घालतो आणि कुणी काय पाठवलं त्याची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो.

काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंजे वही हाय त्याच्याकडं!" त्या पेटीकडं त्यांनी पहिल्यांदाच जरा मानानं बघितलं. मग लगेच, "आन बाहेरून कुनी आपनहून आलं तर? आपन काही धाडलंच नसंल तर?"

"मग वहीत नोंद नसती. राऊटर ते टाकून देतो."

"टाकून देतो? पोच न देता?" त्यांचा मान तिथंच संपला. "असल्या मानसाला म्या एक दिस कामावर ठेवला नसता."

आणि आमची अडचण नेमकी तीच होती. फडावरच्या पोरी बाहेरून, आपणहून येणार होत्या. त्यासाठी राऊटरमध्ये आधीच एक कायमची ओळ लिहून ठेवावी लागते, की अमक्या दारावर कुणी आलं तर त्याला ह्या कॉम्प्युटरकडं पाठव. काकूंना हे झटक्यात पटलं. टोळी निघायच्या आधी पत्ता लिहून ठेवायचा, तसंच.

राऊटरचं पान उघडलं. नाव आणि पासवर्ड अर्शदनं पेटीच्या बुडावरच चिकटवलेला होता, आणि तो गावातल्या सगळ्या पेट्यांना सारखाच होता. काकू म्हणाल्या, "किल्ली कुलपालाच अडकवून ठेवलीस व्हय रे? आन सगळ्या गावाला एकच?" तो त्यांनी आधी बदलायला लावला. मग मी ती ओळ लिहिली. काकूंनी माझा फोन घेतला, कॉम्प्युटरचा घरगुती नंबर घालून पान उघडलं. उघडलं! शीतलच्या फोनवर उघडलं. अर्शदच्याही. काकूंनी पेढे आणवले. भीमनगरात दार न् दार पेढा गेला, आणि त्या प्रत्येक पोरीच्या आईला सांगून आल्या, "बिनघोर जावा. शाळा संगं येती."

चौथ्या दिवशी टोळ्या गेल्या. तिकडं पोचल्यावर शीतलचा फोन आला. "ताई, पान उघडंना."

सातही पोरींचं उघडेना. पहिला आठवडा गेला. शीतल रोज एकदा फोन करायची, मागं लेकरू रडत असायचं. "ताई, आज?" मी म्हणायची, "बघायलेय." दुसरा आठवडा लागला तसे तिचे फोन कमी झाले. एकदा मायच बोलली, "तिला आता कामाची सवय लागायलीय. उगं आशा लावू नका." हे मी काकूंना सांगितलं. त्या दिवशी शिक्का हळू वाजला.

चूक काय झाली ते काकूंनीच शोधलं. मी फोनवर पान उघडून दाखवत होते, "बघा ना, उघडतंय की."

"तुझा फोन कुनाच्या तारेवर हाय?"

"तुमच्याच. वायफायवर."

काकूंनी कपाळावर हात मारला. "मंजे ह्या टेबलावरचं टपाल त्या टेबलावर ठेवून पेढे वाटले आपन! घराबाहेर पत्र गेलंच न्हाई अन पोचलं म्हनून सांगत फिरले म्या."

वायफाय बंद करून मी फोनच्या स्वतःच्या इंटरनेटवर, पोरींना दिलेल्या पत्त्यानं पान उघडून बघितलं. नाहीच उघडलं. शीतलला तिकडं जे दिसत होतं तेच मला इथं काकूंच्या अंगणात दिसलं.

अर्शदला बोलावलं. त्यानं राऊटर चाळला आणि म्हणाला, "काकू, एकेक दार कशाला? एक बटन हाय. त्या कॉम्प्युटरचं सगळंच खुलं करून टाकू. जे येईल ते येईल."

"खिडकी उघड म्हनलं, भिंत पाड म्हनलं न्हाई," काकूंनी त्याचा हात धरला. "पोरींच्या वह्या हायेत त्यात. एक खिडकी. तेवढ्यातून जेवढं येईल तेवढं."

"मग न्हाई चालणार."

"मग का चालत न्हाई ते बघू. बटन कशाला दाबतोस?"

मग त्या स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. इंग्रजी पत्त्यापुरतंच वाचता यायचं त्यांना, पण आकडे येत होते, आणि पत्ता तपासायची जन्माची सवय. पाकीट हातात आलं की त्या आधी 'कुणाला' ते बघायच्या आणि मग 'कुणाकडून'. मला म्हणाल्या, "पेटीचा सोताचा भाईरचा पत्ता काय हाय, दाखव." राऊटरच्या पानावरचा आकडा त्यांनी वहीत उतरवला. शंभरनं सुरू होत होता. "आता भाईरच्या मानसाला आपला पत्ता काय दिसतो, तो दाखव." तसं सांगणारं एक पान असतं, ते मी उघडलं. तो आकडाही त्यांनी पहिल्याखाली उतरवला. पोरींना मी हाच दुसरा आकडा दिला होता. तांबडी पेन्सिल दोन्हींवरून फिरली आणि थांबली.

"वंदे, ह्ये दोन येगळे कावून?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पत्त्याशिवाय हाक मारली. मी त्या दोन आकड्यांकडं बघत राहिले. पुस्तकात ह्यावर दोनच ओळी होत्या, परीक्षेला येत नाहीत म्हणून मी सोडलेल्या. कंपनीकडं पत्ते कमी असतात. मग ती पुष्कळ घरं मिळून एकाच पत्त्यामागं बसवते. आपल्या राऊटरच्या वर तिचा आणखी एक मोठा राऊटर असतो, आणि त्याची वही आपल्या हातात नसते. आपण आपल्या दाराशी कितीही ओळी लिहिल्या तरी माणूस वरच्या दारावरूनच परत जातो.

मी हे सांगत होते आणि काकूंचा चेहरा हळूहळू ओळखीचा होत गेला. दादाच्या पत्राच्या दिवशी आमच्या उंबऱ्याबाहेर होता तसा.

"मंजे ह्यो पन मार्फतच," त्या म्हणाल्या. "आपली पेटीसुदिक मुकादमाच्या मार्फत हाय."

दुसऱ्या दिवशी पोस्ट बंद करून काकू, मी आणि अर्शद तालुक्याला गेलो. कंपनीचं ऑफिस एका दुकानाच्या माडीवर. तिथला साहेब तरुण होता, वागायला चांगला होता.

"मावशी, घरच्या कनेक्शनला स्वतंत्र पत्ता कशाला? लोक पिक्चर बघतात, चालतंय की."

"मला बघायचं न्हाई. मला दाखवायचंय. पोरी फडावर हायेत, त्यांना माझ्या घरापर्यंत येता आलं पाहिजे."

"तो धंद्यालाच मिळतो."

अर्शद मला कोपरानं ढोसत हळूच म्हणाला, "पोष्टाच्या नावानं मागा म्हनावं, झटक्यात मिळंल." हळूच म्हणाला, पण काकूंना ऐकू गेलं. "पोष्टाचं ते पोष्टाचं. ह्ये माझं हाय. खोटा पत्ता म्या लिवत न्हाई." मग साहेबाला म्हणाल्या, "धंद्यालाच मिळतो, ह्यो नियम दाखवा. म्या बी नियमाचीच बाई हाय."

साहेबानं संगणकात शोधलं, मग कपाटात, मग कुणाला तरी फोन लावला. काकू खुर्चीवर ताठ बसून होत्या. आम्ही तीन खेपा घातल्या त्या आठवड्यात. तिसऱ्या खेपेला छापील नियम सापडला. काकूंनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला, त्याच्या ऑफिसात, त्याच्या समोर. त्यात होतं, अर्जदारानं विहित नमुन्यात अर्ज करावा.

"अर्जदार लिवलंय. धंदा कुठंय?"

साहेब हसला. "मावशी, खरं सांगू का, आजवर कुणी मागितलाच न्हाई. आम्हालाच वाटायचं तसा नियम हाय."

अर्ज पुढं आला. नाव, गाव, पिन, आणि त्याखाली एक रकाना. मार्फत. तिथं कनेक्शन जोडून देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती. अर्शद पेन घेऊन तयारच होता. काकूंनी पेन त्याच्या हातातून घेतला, तो छापील शब्द आडव्या रेघेनं खोडला, वर थेट असं लिहिलं आणि खाली सही केली.

"काकू, माझं नाव तरी ऱ्हाऊ द्या की!"

"साक्षीदारात टाकते. रुसू नको."

चार दिवसांनी पत्ता आला. राऊटरच्या पानावर तोच आणि बाहेरच्या पानावरही तोच. काकूंनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून एकेक अंक बोटानं जुळवला. मग मला वायफाय बंद करून गल्लीच्या टोकापर्यंत चालत पाठवलं. मी तिथून ओरडले, "उघडलं!" खिडकीतून आवाज आला, "तू उघडलंस. शीतल अर्जुनला विचार." पेढे आणायचं कुणी नाव काढलं नाही.

शीतलला फोन केला. ती म्हणाली, "थांब ताई, रेंज न्हाई, ट्रॉलीवर चढते." उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढून तिनं पान उघडलं. दुपारी कॉम्प्युटरवर पहिला फोटो आला. वहीचं पान, कडेला उसाचा रस लागलेला, पाच उत्तरं, चार बरोबर. काकूंनी त्या पडद्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग आपल्या रोजनिशीत तारीख लिहून, पहिल्यासारखा खणखणीत शिक्का हाणला.

त्यानंतरही ते सरळ चाललं असं नाही. एकदा दिवसभर वीज गेली. परत आल्यावर पोरींचं पान बंद. राऊटरनं नंबर नव्यानं वाटले होते. कॉम्प्युटरचा नंबर आता काकूंच्या फोनला गेला होता आणि सात पोरींचं टपाल दिवसभर त्या फोनच्या दाराशी येऊन परत जात होतं. काकू म्हणाल्या, "बाजेवर आधी येईल तो बसायलाय व्हय? कॉम्प्युटरची जागा राखून ठेव. त्याच्या जागी दुसरं कुनी बसता कामा न्हाई." ते कसं करायचं ते मी त्या दिवशी शिकले. कॉलेजातला माझा प्रोजेक्टही तोच झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कुणी सुचवलं? मी म्हटलं, आमच्या पोस्टमास्तरनी. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

उरलेले तीन महिने ती खिडकी उघडी होती. बाई धडा बोलून जायच्या, काकू बसून एकेक पोरीच्या नावापुढं तांबडी खूण करायच्या. खूण राहिली की फोन. "शीतल अर्जुन, कालचं भूमितीचं कुठंय? लेकरू आजारी हाय? मग लेकरू बरं झालं की दोन दिसाचं धाड." त्यांना भूमिती येत नव्हती. पण आलं की नाही, ते त्यांना बरोबर कळायचं. पोरी परीक्षेच्या आठ दिवस आधी परत आल्या, हाताला पाचटाचे ओरखडे, आणि परीक्षेला बसल्या.

निकालाच्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं. सगळ्यांचे फोन अडकले होते, कुणाचंच निकालाचं पान उघडत नव्हतं. काकूंनी पोस्ट बंद केल्यावर आपल्या कॉम्प्युटरवर चिकाटीनं सातही निकाल काढले, सात कागदांवर स्वतःच्या अक्षरात उतरवले आणि काळी छत्री घेऊन भीमनगरात शिरल्या. आमच्या अंगणात आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. शीतल भाकरी करत होती. काकूंनी कागद तिच्या पिठाच्या हातात दिला.

"वाच. सगळे विषय वाच."

शीतलनं वाचले. मराठी, हिंदी, गणित. माय दाराला धरून उभी होती. बा उठून बसला. दादानं लेकराला खांद्यावर घेतलं.

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या. "गनिताचे जरा जोरात. विहिरीपलीकडं ऐकू न्हाई गेलं."

शीतलनं दुसऱ्यांदा ओरडून वाचले. विहिरीवरच्या बायांनी खाली ठेवलेले हंडे तसेच सोडले आणि आल्या. मायनं पाणी पुढं केलं, ते काकू उभ्यानं प्यायल्या. हातात अजून चार कागद होते. छत्री उघडून त्या पुढच्या घराकडं निघाल्या आणि जाता जाता मागं न बघता म्हणाल्या, "कॉलेजचा फारम उद्या भरायचा. दहाला खिडकी उघडती."

त्याच महिन्यात त्यांची नोकरी संपली आणि लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्या वारल्या. मला त्या आठवतात त्या उन्हात छत्री घेऊन दोन घरांच्या मधून जाणाऱ्या, पाठमोऱ्या.

त्या वर्षी भीमनगरातल्या सात पोरी फडावर राहून दहावीला बसल्या. सातही पास झाल्या. शीतल शाळेत पहिली आली, आणि आता ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.